मेल्या मेंढराच्या रक्तांतील काड्या
(शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



संध्याकाळीं वैरण खाऊन दावणीला उभा असलेला धडधाकट बैल सकाळीं गोठ्यांत मरून पडलेला सांपडतो. नाकातोंडांतून व गुदद्वारांतून काळें रक्त आलेलें असतें आणि तें गोठत नाहीं. पोट टम्म फुगलेलें असतें. मेलेलें जनावर ताठावें तसें तें ताठत नाहीं. या रोगाला आपल्याकडे फाशी म्हणतात. तोच रोग माणसाच्या कातडीवर उठला म्हणजे त्याला काळपुळी म्हणतात. बैल गेला कीं गांवांत चार तोंडें चार गोष्टी बोलूं लागतात. एक म्हणतो पान लागलें, दुसरा म्हणतो भाऊबंदानें विष घातलें, तिसरा म्हणतो करणी आहे, आणि चौथा देवाला कौल लावायला निघतो. बैल मेला कशानें हें चौघांपैकीं एकानेंहि पाहिलेलें नसतें.

तें कोणीं पाहिलें, कसें पाहिलें, आणि पाहिलेलें खरें आहे हें जगाला कसें पटवून दिलें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

आज तालुक्याच्या दवाखान्यांत थुंकी तपासून क्षय आहे कीं नाहीं हें सांगतात, शस्त्रें वाफेंत शिजवून घेतात, तान्ह्या मुलाला लस टोचतात. हें सारें ज्या विद्येवर उभें आहे तिला सूक्ष्मजंतुशास्त्र म्हणतात. रेशमाच्या किड्याचा एक रोग बुरशीमुळें होतो असें इटलींतील बासी यानें १८३५ सालींच दाखविलें होतें. परंतु गुरांना आणि माणसांना मारणारा अमुक एक जंतु अमुक एक रोग करतो, ही गोष्ट पहिल्यानें पक्की सिद्ध झाली ती कोणा राजाच्या आजारावरून नव्हे. ती या फाशीवरून, शेतकऱ्याच्या मेल्या मेंढराच्या रक्तावरून सिद्ध झाली. म्हणून ही विद्या आपल्या दारची आहे असें मी म्हणतों. आणि ती तुम्हांला समजायची नाहीं असें कोणी सांगितलें तर खुशाल मानूं नका.

आधीं एका कापडवाल्याची गोष्ट सांगितली पाहिजे. हॉलंड देशांतील डेल्फ्ट गांवीं १६३२ सालीं आंतोनी व्हान लेवेनहूक जन्मला. बाप टोपल्या विणी. मुलानें कापडाचें दुकान घातलें. कापडाचा पोत आणि सुताची संख्या तपासायला त्या काळचे कापडवाले भिंग वापरीत. याला भिंगाचा नाद लागला. मोहरीएवढीं, मसुरीएवढीं भिंगें तो स्वतः घडवूं लागला, आणि त्यांत त्याचा हात इतका बसला कीं त्याच्या मागें राहिलेल्या भिंगांपैकीं सर्वांत चांगलें भिंग वस्तु सुमारें २७० पट मोठी करून दाखवितें. १६७४ सालीं त्यानें जवळच्या तळ्याचें पाणी त्या भिंगाखालीं धरलें, तों त्यांत वळवळणारे जीव! पुढें त्यानें पावसाचें पाणी पाहिलें, मिऱ्याचें पाणी पाहिलें, स्वतःच्या दांतांवरचें कीट पाहिलें. त्याला लॅटिन येत नव्हती, आणि त्या काळीं विद्वान म्हणवून घ्यायचें तर लॅटिन पाहिजे. त्यानें आपल्या बोलीभाषेंत, डचमध्यें, लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रें लिहिलीं. १६७६ सालचें पत्र वाचून तेथल्या पंडितांचा विश्वास बसेना. अखेर १६७७ सालीं रॉबर्ट हुक यानें स्वतः भिंग लावून पाहिलें, आणि कापडवाला म्हणतो तें अक्षरशः खरें आहे अशी साक्ष दिली. देवभाषा येत नाहीं म्हणून ज्यांना पिढ्यान्पिढ्या विद्येच्या उंबऱ्याबाहेर बसविलें, त्यांना या कापडवाल्याविषयीं जास्त सांगावयास नको.

पण जीव दिसले एवढेंच. ते काय करतात हें दीडशें वर्षांहून अधिक काळ कोणालाहि ठाऊक नव्हतें. पाण्यांतली गंमत म्हणून बडे लोक पाहत आणि विसरत.

आतां फ्रान्स देशांत चला. पॅरिसच्या नैर्ऋत्येस बोस नांवाचा गव्हाचा आणि मेंढरांचा मुलूख आहे. तेथल्या धनगरांना कांहीं शेतें ठाऊक होतीं. त्या शेतांत कळप चारला कीं मेंढरें पटापट मरत. त्यांना शापित शेतें म्हणत. शहरचे लोक या धनगरांना हंसत. माझें म्हणणें असें कीं, हंसणारांनीं आधीं एक गोष्ट कबूल करावयास हवी होती : कोणतें शेत मारतें हें धनगरांनीं बिनचूक ओळखलें होतें. पाहणें खरें होतें. शाप हें त्याचें कारण मात्र खोटें होतें.

१८५० सालीं राये आणि दावेन या दोन डॉक्टरांनीं फाशीनें मेलेल्या मेंढराचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलें, तेव्हां त्यांत बारीक, सरळ, न हालणाऱ्या काड्या दिसल्या. जर्मनींतील पोलेंडर यानेंहि त्याच सुमारास त्या पाहिल्या होत्या. १८६३ सालीं दावेननें या रक्ताचा थेंब दुसऱ्या जनावराला टोचून तें मरतें असें दाखविलें, आणि काड्या हेंच रोगाचें कारण असें सांगितलें. यावर दोन आक्षेप आले, आणि दोन्ही पोकळ नव्हते. पहिला असा : काड्या दिसतात खऱ्या, पण त्या रोगाचें कारण कशावरून? मढ्याभोवतीं माश्या जमतात म्हणून माश्यांनीं माणूस मारला असें होतें काय? रक्तांत दुसरें कांहीं विष असेल आणि काड्या नंतर येत असतील. दुसरा आक्षेप असा : काड्यांचें रक्त वाळलें म्हणजे थोड्या दिवसांत त्याचा जोर जातो, मग शापित शेत वर्षानुवर्षें कसें मारतें? मध्यंतरींच्या काळांत काड्या राहतात कोठें?

या दोन प्रश्नांचीं उत्तरें एका तालुक्याच्या डॉक्टरानें दिलीं. रॉबर्ट कॉख त्याचें नांव, जन्म १८४३ चा, जर्मनींतील खाणींच्या मुलखांतला. १८७२ पासून तो व्होलश्टाईन नांवाच्या लहानशा गांवीं सरकारी वैद्य होता. तें गांव आतां पोलंड देशांत आहे. भोंवतालच्या खेड्यांत फाशीनें मेंढरें आणि गुरें मरत. रोग किती भयंकर होता याचा एक आकडा खुद्द कॉखच्या लेखांत आहे : रशियांतील नोव्हगोरोड प्रांतांत १८६७ ते १८७० या काळांत ५६,००० हून अधिक घोडे, गुरें व मेंढ्या आणि ५२८ माणसें या रोगानें मेलीं. कॉखजवळ प्रयोगशाळा नव्हती, मोठें ग्रंथालय नव्हतें, गुरु म्हणावा असा कोणी जवळ नव्हता. रोगी तपासण्याच्या खोलींत पडदा लावून त्याच्या मागें त्यानें आपला सूक्ष्मदर्शक मांडला होता. दिवसा रोगी, आणि उरलेल्या वेळांत पडद्यामागें.

त्यानें काय केलें तें मी सावकाश सांगतों, कारण सारी विद्या येथें आहे. त्यानें लांकडाच्या बारीक काटक्या घेतल्या आणि त्या तापवून त्यांवरचें सर्व जिवंत मारून टाकलें. अशी काटकी फाशीनें मेलेल्या जनावराच्या रक्तांत बुडवून त्यानें उंदराच्या शेपटीच्या मुळाशीं लहानशी चीर देऊन तींत खुपसली. दुसऱ्या दिवशीं उंदीर मेला. पोट फाडलें तर प्लीहा फुगून काळी झालेली, आणि तींत त्याच काड्या. मग धडधाकट जनावराचें रक्त घेऊन त्यानें दुसऱ्या उंदराला तसेंच केलें. तो उंदीर जगला. हा दुसरा प्रयोग पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण त्यावांचून, नुसत्या चिरेनें किंवा नुसत्या परक्या रक्तानें उंदीर मेला असें कोणीहि म्हटलें असतें. कौल लावणारा हा दुसरा प्रयोग कधीं करीत नाहीं. करणी केली म्हणून मेलेला बैल तो दाखवितो. करणी न करतां मेलेले बैल तो मोजत नाहीं.

मेल्या उंदरापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला, अशी माळ त्यानें लावली, आणि शेवटचा उंदीर पहिल्यासारखाच मेला. तरी शंका उरली. काडीबरोबर रक्तहि जात होतें. मारलें काडीनें कीं रक्तांतल्या विषानें? म्हणून काड्या रक्ताबाहेर वाढवून पाहाव्या लागल्या. त्यासाठीं त्यानें खाटकाकडून कापलेल्या गुरांचे डोळे आणले. डोळ्याच्या पुढच्या भागांत जें नितळ पाणी असतें त्याचा थेंब कांचेवर घेऊन त्यांत रोगट प्लीहेचा कण सोडला, आणि अंगाइतक्या उबेंत ठेवून तो तासन्‌तास पाहत बसला. काड्या लांबूं लागल्या. लांबतां लांबतां त्यांचे दोरे झाले, सुताच्या गुंत्यासारखे. त्या थेंबांतून कण घेऊन दुसऱ्या ताज्या थेंबांत, त्यांतून तिसऱ्यांत, असें तो करीत गेला.

येथें मी भगिनींना एक विचारतों. कालच्या दह्याचा चमचा आज दुधांत घालतां, आजच्या दह्याचा उद्यां घालतां. वर्षभर असें केलें तर वर्षअखेरीचें विरजण पहिल्यापेक्षां कमी लागतें काय? नाहीं लागत. मीठ घातलें असतें तर दुसऱ्या दिवशीं फिकें, तिसऱ्या दिवशीं नाहींसें झालें असतें. मीठ वाढत नाहीं, विरजण वाढतें, कारण तें जिवंत आहे. कॉखचा मुद्दा अगदीं हाच होता. रक्तांतलें निर्जीव विष असतें तर थेंबामागून थेंब बदलतांना तें विरून गेलें असतें. पण शेवटच्या थेंबांतल्या काडीनेंहि उंदीर मारला. पुढें १८७७ सालीं पाश्चरनें मोठ्या बाटल्यांतून हीच माळ आणखी लांबवून या शंकेचा उरलासुरला आधारहि काढून टाकला. पहिला आक्षेप येथें संपला.

दुसऱ्याचें उत्तर त्याला अचानक दिसलें. दोरे वाढून झाले, खाणें सरत आलें, कीं त्यांत ओळीनें चकचकीत मणी दिसूं लागत, माळेंत ओंवल्यासारखे. मग दोरा विरून जाई आणि मणी उरत. ते मणी त्यानें वाळवून ठेवले. कित्येक दिवसांनीं त्यांवर डोळ्याचें ताजें पाणी घातलें, तों मण्यांतून पुन्हां काड्या फुटल्या! शेतकऱ्याला याहून अधिक काय समजावायचें? तें बीं होतें. रोप उन्हानें मरतें, बीं उन्हांत वाळून पेवांत राहतें, आणि ओल लागली कीं उगवतें. शास्त्रज्ञ त्याला बीजाणु म्हणतात. शापित शेतांत काड्या नव्हत्या, बीं होतें.

आणि त्यानें आणखी एक पाहिलें, तें आपल्या जिवाशीं निगडित आहे. हें बीं धरायला काडीला हवा लागते आणि ऊब लागते. बंद मढ्याच्या आंत हवा नसते. तेथें काडीला बीं धरतां येत नाहीं, आणि सडविणारे दुसरे जंतु तिला खाऊन टाकतात. मढें फाडलें, रक्त मातींत सांडलें, कीं काडीला हवा मिळते आणि ती बीं धरते. म्हणजे जनावर मरतें तेव्हां शेत शापित होत नाहीं. सुरी लावल्यावर होतें. जनावरानें मरतांना नाकातोंडांतून जें रक्त सांडलें असेल, तेंहि तसेंच बीं पेरतें.

१८७६ च्या एप्रिलअखेर कॉख आपले उंदीर आणि कांचा घेऊन ब्रेस्लाऊ शहरीं फर्डिनांड कोन या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाकडे गेला आणि त्यानें सर्व प्रयोग त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हां करून दाखविले. त्याच सालीं लेख छापला गेला. खेड्यांतला डॉक्टर म्हणून कोननें त्याला दारांतून परत पाठविलें नाहीं, ही गोष्टहि नमूद केली पाहिजे.

यांतूनच या शास्त्राची रीत ठरली. रोग असेल तेथें तो जंतु सांपडला पाहिजे. तो रोग्याच्या अंगाबाहेर एकटा, निर्भेळ वाढविला पाहिजे. तो टोचून तोच रोग झाला पाहिजे. आणि त्या नव्या रोग्यांत तोच जंतु पुन्हां सांपडला पाहिजे. पुढें या नियमाला अपवाद निघाले. पटकीचा जंतु पोटांत असून धडधाकट फिरणारीं माणसें खुद्द कॉखलाच आढळलीं. परंतु उलटतपासणीची रीत कायम राहिली.

यांतलें अवघड काम म्हणजे जंतु निर्भेळ वाढविणें. पाण्यांत दहा जातींचे जंतु एकमेकांत मिसळतात. कॉखनें उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतु पेरून पाहिले; एकेका जंतूची वेगळी वसाहत ठिपक्यासारखी उठे. मग त्यानें जिलेटिन घेतलें, पण तें उबेंत वितळे. ही अडचण एका गृहिणीनें सोडविली. फॅनी हेसे तिचें नांव. तिचा नवरा कॉखकडे काम करी, आणि ती त्याला चित्रें काढून देई. आपली मुरंब्यासारखीं पक्वान्नें उन्हाळ्यांतहि वितळत नाहींत, कारण त्यांत आगर असतें, हें तिनें १८८१ सालीं नवऱ्याला सांगितलें. जावा बेटांत राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती हें शिकली होती. आगर म्हणजे समुद्रांतल्या शेवाळापासून काढलेला पदार्थ. आपल्या बाजारांत चायना ग्रास म्हणून मिळतो तोच. तेव्हांपासून आजपर्यंत जगांतल्या सगळ्या प्रयोगशाळांत जंतु आगरावर वाढवितात. कॉखनें १८८२ च्या लेखांत आगराचा उल्लेख केला. त्या बाईचा केला नाहीं.

या रीतीनें १८८२ च्या २४ मार्चला कॉखनें बर्लिनमध्यें क्षयाचा जंतु जाहीर केला. १८८३ सालीं तो ईजिप्तला आणि तेथून कलकत्त्यास गेला, आणि पटकीचा जंतु रोग्यांच्या आंतड्यांत व लोक ज्याचें पाणी पीत त्या तळ्यांत त्याला सांपडला. इटलींतील पाचिनीनें तो १८५४ सालींच पाहिला होता, पण त्याचें कोणी ऐकलें नव्हतें.

आतां पाश्चर. लुई पाश्चर १८२२ सालीं फ्रान्सांत जन्मला. बाप कातडीं कमावण्याचा धंदा करी. दूध आंबतें, दारू बिघडते, तें जिवंत जंतूंमुळें, हें त्यानें दाखविलें होतें. फाशीचा विचार करतांना तो शार्त्र शहराजवळच्या शेतांत हिंडत असे. एका शेतांत त्याला मातीच्या एका पट्ट्याचा रंग निराळा दिसला. मालकानें सांगितलें, गेल्या सालीं मेलेलीं मेंढरें तेथें पुरलीं. त्या जागीं गांडुळांनीं वर आणून टाकलेली माती होती. पाश्चरनें ती तपासली आणि म्हटलें कीं खालचें बीं गांडूळ वर आणतात. हेंच एक कारण असें समजूं नका. पाऊस, पूर, नांगर आणि कुत्रीं हींहि तेंच काम करतात.

मग त्यानें लस केली, म्हणजे जंतूचा जोर मोडून तो टोचावयाचा, जेणेंकरून अंगाला लढण्याची संवय व्हावी. म्लं शहराजवळ पुयी-ल-फोर येथें रोसिन्यॉल नांवाच्या गुरांच्या डॉक्टराच्या वाडीवर जाहीर परीक्षा ठरली. ५ मे १८८१ रोजीं २४ मेंढ्या, १ बकरी आणि ६ गुरें यांना लस टोचली. १७ मे रोजीं पुन्हां टोचली. ३१ मे रोजीं त्यांना, आणि लस न टोचलेल्या २४ मेंढ्या, १ बकरी व ४ गुरें यांनाहि जिवंत फाशी टोचली. २ जूनला शेतकरी, डॉक्टर, वर्तमानपत्रवाले यांची गर्दी जमली. लस टोचलेलीं जनावरें चरत होतीं. न टोचलेल्या २१ मेंढ्या आणि बकरी मरून पडल्या होत्या. दोन मेंढ्या लोकांदेखत मेल्या, उरलेली दिवस मावळायच्या आंत गेली. गुरें मोठीं म्हणून जगलीं, पण सुजून तापानें फणफणलीं होतीं. पुढल्या बारा वर्षांत फ्रान्समध्यें तीस लाखांहून अधिक मेंढ्यांना ही लस टोचली गेली.

हें झालें सर्वांना ठाऊक असलेलें. आतां कमी ठाऊक असलेलें सांगतों. जंतूला हवेंत ठेवून त्याचा जोर मोडला, असा लोकांचा समज पाश्चरनें होऊं दिला. त्याच्या मरणानंतर बऱ्याच काळानें त्याच्या प्रयोगाच्या वह्या अभ्यासकांना मिळाल्या, आणि १९९५ सालीं जेराल्ड गीसन या अमेरिकन इतिहासकारानें दाखवून दिलें कीं त्या दिवशीं वापरलेली लस त्याचा मदतनीस शांबरलां यानें रसायन घालून तयार केली होती. औषधानें आणि उष्णतेनें फाशीचा जोर मोडण्याची ही वाट तूलूज येथील गुरांचा डॉक्टर तूसँ यानें १८८० सालींच काढली होती. तूसँ १८९० सालीं, पन्नाशीहि न गांठतां, मेला. मेंढ्या जगल्या हें खोटें ठरत नाहीं. परंतु राबला कोण आणि मान कोणाला, हा हिशेब विज्ञानांतहि तपासावा लागतो, एवढें लक्षांत असूं द्या.

विणकर बंधूंनो, तुमच्या धंद्याचाहि या रोगाशीं संबंध आहे. इंग्लंडांत ब्रॅडफर्ड येथें लोंकरीच्या मोठ्या गिरण्या होत्या. परदेशांतून आलेले बकऱ्यांच्या व अल्पाकाच्या लोंकरीचे गठ्ठे कामगार हातानें सोडीत, आणि धूळ छातींत जाऊन धडधाकट माणूस चार दोन दिवसांत मरे. त्याला लोंकर निवडणाराचा रोग म्हणत. डॉक्टर बेल यानें १८८० च्या सुमारास सिद्ध केलें कीं ही फाशीच आहे; मेल्या जनावराचें बीं लोंकरीला चिकटून समुद्र ओलांडून येतें. मग नियम झाले : गठ्ठे आधीं भिजवावे, धूळ खेंचणाऱ्या पंख्यावर सोडावे. तरी माणसें मरतच राहिलीं. पुढें डॉक्टर ऑयरिख यानें कित्येक वर्षें रक्ताळलेली लोंकर स्वतः तपासली, आणि ती निर्जंतुक कशी करावी हें ठरलें. १९१९ सालीं कायदा झाला आणि १९२१ सालीं लिव्हरपूल बंदरांत लोंकर धुवून निर्जंतुक करण्याचें ठाणें निघालें. बेलच्या शोधापासून त्या ठाण्यापर्यंत चाळीस वर्षें गेलीं. जंतु सांपडायला लागला त्याहून जास्त काळ मजुराचा जीव वांचविण्याचा खर्च मंजूर व्हायला लागला.

आपल्याकडे गुरांच्या रोगांची पहिली सरकारी जंतुप्रयोगशाळा पुण्यांतच, ९ डिसेंबर १८८९ रोजीं, सायन्स कॉलेजांत निघाली. १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वरला नेली. परंतु मेलेलें ढोर ओढण्याचें आणि सोलण्याचें काम गांवानें जन्मावरून ज्यांच्या गळ्यांत बांधलें होतें, त्यांना कॉखनें काय पाहिलें हें कोणीं सांगितलें? त्या माणसाचा विटाळ मानला. त्याच्या हातावरची काळी पुळी कोणी पाहिली नाहीं. १९५८ च्या कायद्यानें हीं गांवकीचीं वतनें गेलीं, पण फाशी गेली नाहीं. आजहि ओडिशांतील कोरापूट जिल्ह्यांत मेलेलें जनावर कापल्यानें व खाल्ल्यानें माणसांना ती होते. पोटाला नाहीं म्हणून माणूस तें मांस घेतो. त्याची हेटाळणी करून रोग थांबत नाहीं.

काळपुळी ओळखायला सोपी आहे. हातावर, मानेवर किंवा तोंडावर खाजरी पुटकुळी येते, ती फुटून मधोमध कोळशासारखी काळी खपली धरते, भोंवतीं सूज येते, आणि ती दुखत नाहीं. दुखत नाहीं म्हणूनच माणूस फसतो. या रोगाचें इंग्रजी नांव ग्रीक भाषेंतील कोळशाच्या नांवावरून पडलें आहे. आपल्या बापजाद्यांनींहि तोच रंग पाहून नांव ठेवलें. औषध न घेतलें तर शंभरांत दहा ते वीस माणसें मरतात. वेळेवर पेनिसिलिनसारखें औषध मिळालें तर शंभरांत एकहि सहसा मरत नाहीं. धुळींतून छातींत गेलेली फाशी मात्र फार वेगानें मारते.

बीं किती टिकतें? स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ ग्रुइनार्ड नांवाचें बेट आहे. महायुद्धांत, १९४२ सालीं, इंग्रज सरकारनें तेथें फाशीचे बॉम्ब फोडून मेंढरांवर प्रयोग केले. त्यानंतर तें बेट माणसाला बंद झालें. १९८६ सालीं माती औषधानें भिजवून काढावी लागली आणि १९९० सालीं तें उघडलें. सैबेरियांतील यामल भागांत २०१६ च्या उन्हाळ्यांत गोठलेली जमीन वितळली आणि दोन हजारांवर रेनडियर फाशीनें मेले. एक बारा वर्षांचा मुलगाहि गेला.

म्हणून जनावर असें अचानक मेलें, नाकातोंडांतून काळें रक्त आलें, तर सुरी लावूं नका, कातडें काढूं नका, मांस वांटूं नका, कुत्रीं जवळ येऊं देऊं नका. गुरांच्या दवाखान्यांत वर्दी द्या. २००९ च्या कायद्याप्रमाणें ती देणें मालकाचें कामच आहे. मढें जाळतां आलें तर उत्तम, नाहीं तर पाण्यापासून दूर, सहा फूट खोल पुरावें, आणि त्याखालची रक्ताळलेली माती खरवडून त्याच्याबरोबरच टाकावी. कायदा कातडें काढूं नको म्हणतो तें बरोबर आहे; पण ज्याची चूल त्या कातड्यावर पेटते त्याच्या नुकसानीचें काय, हेंहि आपल्या पंचायतीनें विचारलें पाहिजे. उरलेल्या जनावरांना लस टोचून घ्या. दक्षिण आफ्रिकेंतील मॅक्स स्टर्न यानें १९३७ सालीं जी निरुपद्रवी जात शोधली तिच्याच बियांची ही लस आजहि वापरतात. जेथें एकदां फाशी झाली तेथें ती दर सालीं, पावसाळ्याआधीं, टोचावी.

डॉक्टर आला म्हणजे मढें न फाडतां कानाच्या शिरेंतून एक थेंब रक्त घेईल, कांचेवर पसरील, निळ्या रंगानें रंगवील आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवील. फाशी असेल तर निळ्या सरळ काड्या आणि त्यांच्या भोंवतीं गुलाबी आवरण दिसतें. त्याला म्हणा, साहेब, एकदां आम्हांलाहि दाखवा. मुलांना बरोबर न्या.